धामणगावच्या एका घराचा ताळेबंद

मार्च महिना म्हणजे कारकुनाच्या जिवाला घोर. ३१ तारखेच्या आत सगळी खाती जुळली पाहिजेत, म्हणून साहेबांपासून शिपायापर्यंत कोणालाच उसंत नसते. अशा दिवसांत गावाला जायचे नाव काढणे म्हणजे साहेबांची नाराजी ओढवून घेणे. तरीही यंदा मार्चच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही उभयता अकोल्याहून सकाळच्या गाडीने धामणगाव रेल्वेला निघालो. आदल्या रात्री आमच्या मेहुणीचा फोन आला होता.

“भाऊजी, तुमी हिशोबातले मानूस. एकडाव येऊन पाहून जा. घराचा पैसा कुठी गेला अन् तांब्याचा कुठी गेला, मले तं काई समजून नाई रायलं.”

आमची मेहुणी सहसा तक्रार करणारी नव्हे. त्यामुळे तिचा फोन आल्यावर आमच्या पत्नीने विचारलेसुद्धा नाही, पिशवी भरायला घेतली.

आमचे साडू धातूचे कलावंत आहेत. गावातले लोक त्यांना वेल्डिंगवाला म्हणून ओळखतात, कारण पोट भरते ते फाटके, खिडक्यांच्या जाळ्या आणि जिन्याचे कठडे यांवर. पण त्यांचा जीव आहे तांब्याच्या पत्र्यात. सपाट पत्रा ठोकून त्यातून बुद्धाचा शांत चेहरा, बोधिवृक्षाचे पान, धम्मचक्र ते उठवतात. त्यांच्या हातची पाने आणि चक्रे तालुक्यातल्या दोन-तीन विहारांत लागलेली आहेत. कला, संसार आणि घराचे बांधकाम ही तिन्ही कामे एकाच छपराखाली एकाच वेळी चालली तर काय होते, ते आम्ही या दोन दिवसांत पाहिले. ते आपल्या वाचक बंधू-भगिनींना सांगावे असे वाटले.

रुळांच्या काठाने

अकोल्याहून निघालेली गाडी मूर्तिजापूरला थांबते. एके काळी येथून यवतमाळला आणि अचलपूरला अरुंद रुळांची ‘शकुंतला’ जात असे. आता ती बंद पडली आहे. याच मूर्तिजापूर तालुक्यात राजनापूर खिनखिनी नावाचे गाव आहे. तेथे जुन्या जैन धातुमूर्तींचा साठा सापडला आणि तो नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात गेला. नागपूर जिल्ह्यात नैकुंड येथे तर उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी निघाली. ती अडीच हजार वर्षांहून जुनी मानतात. म्हणजे आपल्या विदर्भाला लोखंड आणि तांबे नवे नाही. बुद्धाच्या काळाच्या आसपास येथे माणसे भट्टी पेटवून बसलेली होती. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

बडनेऱ्यानंतर चांदूर रेल्वे आणि मग धामणगाव. या गावांच्या नावापुढे ‘रेल्वे’ का लावतात, असे बाहेरगावचे लोक नेहमी विचारतात. आपल्याच जिल्ह्यात अचलपूर तालुक्यात धामणगाव गढी आहे. दोन्हींत घोटाळा होऊ नये म्हणून एकाला गढीने ओळखायचे, दुसऱ्याला रेल्वेने. मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचली ती मुख्यतः आपल्या वऱ्हाडचा कापूस बंदरावर नेण्यासाठी. त्या कापसाने धामणगावला बाजारपेठ दिली, जिनिंग-प्रेसिंग दिले. यवतमाळचे उतारूसुद्धा पूर्वी येथेच उतरून पुढे सडकेने जात. आता तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. गावाचे ठिकाण मात्र अजूनही स्टेशनवरूनच सांगतात.

आमच्या साडूंचे वडील जिनिंगमध्ये हमाल होते. मुलाने हमाली करू नये म्हणून त्यांनी त्याला प्रेसच्या यंत्रांची दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली ठेवले. तेथे त्याला कानस धरता आली, वेल्डिंग आले. तांब्याचा नाद पुढे पुण्याला कामासाठी गेला असताना लागला. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. तेथले कारागीर भांड्यावर हातोडीने एकसारखे ठोके देत जातात, त्याला मठारकाम म्हणतात. ते पाहायला हा पोरगा सुटीच्या दिवशी तासन्‌तास उभा राहायचा. कोणी हाताला धरून शिकवले नाही. पाहून पाहून शिकला.

स्टेशनवरून पायी जाताना सडकेच्या कडेला एका घिसाड्याचे पाल दिसले. पुरुष बसून सांडशीत लाल झालेले लोखंड धरीत होता आणि त्याची बायको उभी राहून दोन्ही हातांनी घण मारीत होती. पाठीला पोर बांधलेले. आमची पत्नी जरा वेळ थांबून पाहत राहिली. आम्ही म्हटले, “चला, उशीर होतो.”

अर्धे घर, पूर्ण कारखाना

साडूंचे घर म्हणजे जुनी दोन खोल्यांची मातीची इमारत होती. ती पाडून रमाई आवास योजनेतून पक्के घर चालू आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांसाठी असलेल्या या योजनेचा पैसा एकदम मिळत नाही. बांधकाम जसे वर जाईल तसे हप्ते पडतात. भिंती उभ्या झाल्या होत्या, वर आभाळ होते. कुटुंबाचा मुक्काम बाजूच्या टिनाच्या छपरात. त्याच छपराच्या एका टोकाला चूल-गॅस, दुसऱ्या टोकाला भट्टी, आणि मध्ये एक खाट.

आम्ही पोहोचलो तेव्हा साडू ठोकत बसले होते. आम्हाला पाहून हातोडी ठेवली, “जय भीम भाऊजी” म्हणाले आणि पुन्हा उचलली. तालुक्यातल्याच एका गावच्या विहारासाठी तांब्याचे तीन फलक करायचे होते. एकावर बोधिवृक्षाखालील तथागत, दुसऱ्यावर पाच भिक्खूंना दिलेले पहिले प्रवचन, तिसऱ्यावर दीक्षा देण्याच्या वेळचे बाबासाहेब. प्रत्येक फलक चार फूट उंच, तीन फूट रुंद. १४ एप्रिलच्या आत लागले पाहिजेत. जेमतेम महिना हातात होता.

हे काम कसे चालते ते थोडक्यात सांगतो. लाकडाच्या मोठ्या थाळ्यात राळ ओततात. राळेत विटेची भुकटी आणि थोडे तेल मिसळलेले असते, त्यामुळे ती घट्टही राहते आणि ठोक्यासरशी दबतेही. त्यावर पत्रा बसवायचा आणि मागच्या बाजूने बोथट छिन्न्यांनी ठोकत उठाव आणायचा. मग पत्रा उलटून पुढून डोळे, ओठ, चिवराच्या घड्या रेखायच्या. तांब्याचा एक स्वभाव आहे. ठोकत गेले की ते ताठर होत जाते. तसेच ठोकत राहिले तर चिरते. म्हणून मधून मधून त्याला ताव द्यावा लागतो, म्हणजे लाल होईपर्यंत तापवायचे आणि पाण्यात विझवायचे. तांबे पुन्हा नरम होते. वर आलेला काळा थर चिंचेच्या पाण्याने घासून काढायचा आणि परत राळेवर. एका चेहऱ्याला असे सात-आठ ताव लागतात.

हे सगळे साडूंनी आम्हाला समजावून दिले. ते बोलत असताना पत्र्याची दुसरी बाजू सांडशीने कोणी धरली होती? आमच्या मेहुणीने. ताव देताना भात्याचा पंखा कोण फिरवत होते? तीच. चिंच भिजवून, घासून, धुऊन, पुसून पत्रा कोण परत आणत होते? तीच. मधल्या वेळात तिने आम्हाला चहा दिला, गवंड्याच्या माणसाला सिमेंटचे पोते दाखवले, नव्या भिंतींवर पाणी मारले आणि भाकरी टाकल्या. आम्ही सहज विचारले, “तुमी पण ह्या कामात असता वाटते?”

ती हसली. “मी काय करतो भाऊजी? मी तं घरीच राह्यतो.”

माठाजवळची बाटली

पाणी प्यायला म्हणून आम्ही माठाजवळ गेलो तर शेजारी शीतपेयाची एक बाटली, त्यात पाण्यासारखे काहीतरी. आम्ही उचलणार तोच मेहुणी ओरडली. ते पितळ साफ करायचे ॲसिड होते. घरात बारा वर्षांचा मुलगा आहे. दिवसभर उन्हातून खेळून येतो आणि दिसेल त्या बाटलीला तोंड लावतो.

येथे आमच्या कारागीर बांधवांना दोन गोष्टी हात जोडून सांगाव्याशा वाटतात. ॲसिड कधीही पिण्याच्या बाटलीत ठेवू नये. त्याच्या मूळ डब्यात, कुलपात, मुलांच्या हातापासून लांब ठेवावे. दुसरी गोष्ट वेल्डिंगची. साडूंनी मागच्या पावसाळ्यात बाहेर पाऊस म्हणून छपराची दारे लावून जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपांना वेल्डिंग केले. पांढरा धूर झाला. संध्याकाळी थंडी वाजून ताप भरला, अंग मोडून आले. घरच्यांना वाटले मलेरिया. जस्ताच्या धुराने असा ताप येतो. तो बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो, पण म्हणून तो अंगावर काढायची गोष्ट नाही. असे काम उघड्यावर, वाऱ्याची पाठ धरून करावे, आणि धुरानंतर दम लागला तर लगेच दवाखाना गाठावा. वेल्डिंगचा उजेड उघड्या डोळ्यांनी पाहिला तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते. त्या वेळी काच धरणारा पुरुष सावध असतो, पण भाकरी थापता थापता तिकडे नजर जाणारी बाई आणि कुतूहलाने पाहणारे मूल यांच्या डोळ्यांवर काच नसते. भट्टी आणि चूल एका छपराखाली असली की कारागिराचा धोका सगळ्या घराचा होतो.

साडूंची मुलगी दहावीला आहे. तिचे शेवटचे दोन पेपर राहिले होते. ती घरात नव्हती. ठोक्यांच्या आवाजात वाचता येत नाही म्हणून पुस्तके घेऊन वस्तीतल्या विहारात जाऊन बसते, असे कळले. बाप विहारासाठी फलक करतो आणि त्याच्या आवाजाने मुलगी विहारात पळते. ऐकून हसू आले आणि बरेही वाटले नाही.

वहीची दोन पाने

जेवणानंतर आम्ही वही मागितली. साडूंकडे वही नव्हती. सिगारेटच्या पाकिटाची पाठ, भिंतीवर कोळशाने लिहिलेले आकडे आणि डोक्यातली आठवण एवढाच हिशोब. मुलाच्या शाळेची एक कोरी वही घेऊन आम्ही दोन पाने आखली. एकावर ‘घर’, दुसऱ्यावर ‘तांबे’.

तासाभरात मेहुणीच्या प्रश्नाचे उत्तर निघाले. स्लॅबसाठी आलेल्या हप्त्यातून तांबे आले होते. साडूंनी चोरून काही केले नव्हते. विहाराच्या समितीने आगाऊ पैसे दिले नाहीत. तांब्याचा भाव किलोला हजाराच्या वर गेलेला. काम तर १४ एप्रिलला द्यायचे. फलक लागले की पैसे येतील आणि मेमध्ये स्लॅब टाकू, असे त्यांनी मनाशी धरले होते. पण समितीने पैसे जूनमध्ये दिले तर? मृग नक्षत्राचा पाऊस उघड्या भिंतींवर पडला तर? या विचाराने आमच्या मेहुणीची झोप उडाली होती. साडू म्हणाले, “समाजाचं काम हाय भाऊजी. पैशे आधी कसे मांगू?”

मग आम्ही तांब्याचे पान पूर्ण केले. तीन फलकांना तांबे २१ किलो, २४,१५० रुपये. लोखंडी चौकट ६,४०० रुपये. गॅस, राळ, पॉलिश ३,४५० रुपये. गाडीभाडे १,५०० रुपये. एकूण ३५,५०० रुपये. ठरलेली रक्कम ६०,००० रुपये. शिल्लक २४,५००. काम ४५ दिवसांचे. म्हणजे साडूंना दिवसाला ५४४ रुपये पडतात. साडूंचा चेहरा खुलला. “बरोबर हाय. एवढी मजुरी पडतेच.”

तेवढ्यात आमच्या पत्नीने विचारले, “अन् हिची?”

कोणी बोलले नाही. मेहुणी खाली मान घालून चिंच कुस्करत होती. आम्ही तिला विचारून विचारून तास मांडले. ताव देताना, धरताना, घासताना, बाजारातून गॅस आणताना, गिऱ्हाईक आले तर माप लिहून घेताना, रोजचे चार तास होत होते. स्वयंपाक, पाणी, मुले आणि भिंतींवर पाणी मारणे आम्ही धरलेच नाही. ४५ दिवसांचे १८० तास, म्हणजे आठ तासांचा दिवस धरला तर साडेबावीस दिवस. दोघांचे मिळून साडेसदुसष्ट दिवस. २४,५०० ला साडेसदुसष्टने भागले तर ३६३ रुपये आले. आमच्या समोर गवंड्याच्या हाताखाली माल कालवणाऱ्या माणसाला याहून जास्त रोज मिळत होता.

साडूंना राग आला. “बायकोची मजुरी कोनी लावते काय जी? उद्या मनसान भाकरीचेबी पैशे धरा!”

“भाकरीचे धरले नाहीत,” आम्ही म्हटले. “फक्त तांब्याचे धरले.”

ते उठून बाहेर गेले. बराच वेळ हातोडीचा आवाज आला नाही. मग आला तोही थांबून थांबून. आम्हाला वाटले, आपण पाहुणे म्हणून आलो आणि घरात भांडण लावले. मेहुणी मात्र त्या पानाकडे पुन्हा पुन्हा पाहत होती. तिने एकच विचारले, “साडेबावीस दिवस? खरंच एवढे होते?”

पुतळे कोणाचे, हात कोणाचे

रात्री उन्हाळ्याची चाहूल होती. अंगणात सतरंजी टाकून सगळे बसलो. मुलगा म्हणाला, “मावसाजी, मोठे पुतळे कोन बनवते?” आम्हाला माहीत होते तेवढे सांगितले.

बाबासाहेबांच्या हयातीतच त्यांचा पुतळा कोल्हापूरच्या बिंदू चौकात बसला, तो ९ डिसेंबर १९५० रोजी. भाई माधवराव बागलांनी पुढाकार घेतला होता. सोबत महात्मा फुल्यांचाही पुतळा होता. पुतळा आपल्याला माहीत असतो, पण तो घडवणारे बाळ चव्हाण किती जणांना माहीत आहेत? दिल्लीला संसदेच्या आवारातला बाबासाहेबांचा पुतळा २ एप्रिल १९६७ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते उघडला गेला. तो ब्रह्मेश वाघ यांनी केला. हैदराबादचा १२५ फुटी पुतळा १४ एप्रिल २०२३ रोजी उघडला, तो राम सुतार आणि त्यांचे पुत्र अनिल सुतार यांच्या हातचा.

राम सुतार आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे. १९२५ चा जन्म. वेरूळ-अजिंठ्याला पुरातत्त्व खात्यात मूर्तींच्या डागडुजीचे काम केले, मग दिल्लीला केंद्र सरकारची नोकरी धरली. ती १९५९ मध्ये सोडली आणि शिल्पकला हाच व्यवसाय केला. डिसेंबर २०२५ मध्ये वयाची शंभरी पूर्ण करून ते गेले. आमच्यासारख्या नोकरीच्या खुंट्याला बांधलेल्या माणसाला १९५९ चा तो राजीनामा नेहमी आठवतो. पण आता वय झाल्यावर दुसराही विचार येतो. पक्का पगार बंद झाला त्या महिन्यात घरातले दूध, किराणा, भाडे कोणी कसे निभावले असेल? पुतळ्याच्या चबुतऱ्यावर ते लिहिलेले नसते.

मुलगी आतापर्यंत गप्प होती. ती म्हणाली, “बायका नाई करत काय असे पुतळे?”

करतात. कोलकात्याच्या मीरा मुखर्जी (१९२३-१९९८) यांनी शहरात शिकून, परदेशात शिकून, पुन्हा बस्तरच्या घडवा कारागिरांच्या झोपडीत बसून मेणाच्या साच्याचे ओतकाम शिकले. देशभरच्या धातुकारागिरांकडे फिरून त्यांनी पुस्तकही लिहिले. कलिंगाच्या युद्धानंतरच्या सम्राट अशोकाचा त्यांचा भव्य कांस्यपुतळा दिल्लीत आहे. युद्ध जिंकलेला पण शस्त्र टाकायला निघालेला अशोक एका बाईने धातूत ओतला, हे ऐकून मुलीने आईकडे पाहिले.

साडू अंधारात बसून ऐकत होते. इतक्या वेळाने प्रथमच बोलले. “स्टेशनजोळ घिसाडी बसले हायेत. त्याईची बाई घण मारते तं अख्ख्या गावाले दिसते. आमच्या घरची छपराखाली मारते.” एवढे बोलून ते झोपायला गेले.

समितीपुढे

रविवारी सकाळी त्या गावी गेलो. वंदना झाल्यावर समितीचे लोक थांबले. सगळी कष्टाची माणसे. कोणी शेतमजूर, कोणी मिस्त्री, एक निवृत्त शिक्षक. आम्ही वही पुढे ठेवली आणि निम्मी रक्कम आगाऊ मागितली. एकजण म्हणाले, “साहेब, समाजाचं काम हाय. त्यात काय हिशोब पाह्यता?”

हे वाक्य आमच्या वर्मी लागले, कारण ते आमचेच होते. पंधरा वर्षांपूर्वी आम्ही एका जयंती समितीचे सचिव होतो. देखावा करणाऱ्या एका गरीब चित्रकाराला आम्ही ‘समाजाचे काम’ म्हणून निम्म्या पैशांत राबवले आणि तेही तीन हप्त्यांत दिले. मंडपवाल्याचे आणि वाजंत्रीवाल्याचे मात्र त्याच रात्री चुकते केले होते. ते आम्ही त्या सभेत उभे राहून कबूल केले. म्हटले, वाजंत्रीवाला उधार वाजवत नाही, तर मूर्ती घडवणाऱ्यानेच का उधार घडवावे? बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ मध्ये कारखान्यांतले कामाचे तास कायद्याने कमी झाले. श्रमाचा मोबदला ही आपल्याकडे भीक नाही, विचार आहे.

थोडी कुजबुज झाली. मग महिला मंडळाच्या एका म्हाताऱ्या बाईने कमरेची पिशवी सोडली. मंडळाची भिशी तिच्याकडे होती. त्यातून आणि समितीच्या पेटीतून मिळून वीस हजार त्याच जागी जमले. बाकीचे १४ एप्रिलला, असे कागदावर लिहून सह्या झाल्या. भाव वाढवून मागायची साडूंची हिंमत झाली नाही आणि आम्हीही आग्रह धरला नाही. दिलेला शब्द पाळायचा, पुढच्या कामाला मात्र दोघांची मजुरी धरूनच बोलायचे, असे ठरले.

निघताना त्याच बाईने विचारले, “फलकावर तुमचं नाव टाकनार का नाई?” साडू म्हणाले, “मागच्या बाजूले टाकतो लहानसं.” बाई म्हणाली, “एकाचंच?”

साडूंनी उत्तर दिले नाही. पण १४ एप्रिलला आम्ही ते फलक पाहिले. तिसऱ्या फलकाच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला, छिन्नीने दोन नावे कोरलेली होती. आधी तिचे. भिंतीला लागल्यावर ती कोणाला दिसणार नाहीत. मेहुणी म्हणाली, “मले मालूम हाये तेथं हायेत. बस.”

घर बांधताना

हे लिहीपर्यंत साडूंच्या घराचा स्लॅब पडला आहे. आता पुढच्या दर्शनी खोलीत सोफा ठेवायचा की काय, यावर चर्चा होती. शेवटी मागची खोली कामाची ठरली. तिचे दार स्वयंपाकघराकडे नाही, परसाकडे उघडते. तिला समोरासमोर दोन खिडक्या आहेत. ॲसिडचे कपाट उंचावर, कुलूप लावून. मुलीच्या अभ्यासाच्या वेळी ठोकायचे नाही, त्या वेळी रेखाटन आणि हिशोब करायचा. तांब्याचे खाते वेगळे, घराचे वेगळे. आगाऊ पैसे आल्याशिवाय पत्रा आणायचा नाही.

पंतप्रधान विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ पासून सुरू आहे. त्यात लोहार, मूर्तिकार धरून अठरा व्यवसाय आहेत. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. आपल्या कारागिरांनी चौकशी जरूर करावी. मात्र तिचा लाभ एका कुटुंबातून एकाच व्यक्तीला मिळतो. पती, पत्नी आणि अविवाहित मुले हे एक कुटुंब. त्यामुळे एकच धंदा दोघे मिळून करीत असतील तरी कागदावर कारागीर एकच. आपल्या घरात तो एक कोण, हे नवरा-बायकोने बसून ठरवावे. आपोआप ठरू देऊ नये.

रविवारी रात्री परतीच्या गाडीत बसलो. मूर्तिजापूर गेले तरी आमची पत्नी काही बोलत नव्हती. मग म्हणाली, “एक विचारू? तुमी पंचवीस वर्षं सभा, शिबिरं, मोर्चे करता. रात्री अकराला चार कार्यकर्ते जेवायला आणता. ते कोणत्या पानावर लिहिलं?”

आम्ही बी.कॉम. झालेलो. जमा-खर्च दोन्ही बाजूंना सारखा आला पाहिजे, हे आम्हाला कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवले होते. त्या रात्री गाडीत आम्हाला उत्तर देता आले नाही. अकोल्याला उतरल्यावर जड पिशवी आम्ही घेतली. घरी आल्यावर चहा आम्ही केला. तो फार चांगला झाला नाही, पण तिने पूर्ण प्याला.

१४ एप्रिल, वैशाखी पौर्णिमा, १४ ऑक्टोबर आली की आपल्या वस्त्यांत कमानी उभ्या राहतात, फलक लागतात, मूर्ती बसतात. त्यांच्यापुढे हात जोडताना एवढे विचारा, ही कोणी घडवली, त्याचे पैसे चुकते झाले का, आणि पत्र्याची दुसरी बाजू कोणी धरली होती? आपल्याच घराच्या वहीतही एकदा ते पान उघडून पाहा. आम्ही आमचे उघडले आहे. बाकी बरीच निघते आहे.